दत्तू कुठं उतरला

पहिल्याच भेटीत कुसुम सिस्टरांनी माझ्या हातात घुबड दिलं.

"जरा धरा हो भाऊजी, कुलूप काढते," म्हणत त्यांनी गॉजमध्ये गुंडाळलेलं एक गाठोडं माझ्याकडे सरकवलं आणि त्या गाठोड्यानं डोळे उघडले. मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. फळ्यावर शे-दोनशे घुबडं तरी काढली असतील. पण खऱ्या घुबडानं माझ्याकडे बघितल्यावर माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून माझी बायको नलू पिठाच्या हातानंच बाहेर आली. "घाबरायचं न्हाय, पिंगळा हाय तो. पंख मोडलाय बिचाऱ्याचा," सिस्टर म्हणाल्या. त्यातलं 'घाबरायचं न्हाय' मला होतं की घुबडाला, हे मी कधी विचारलं नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बारामतीत एसटी डेपोच्या मागं पाच खोल्यांची एक ओळ होती, तिथं आम्ही राहायचो. शेवटची खोली सिस्टरांनी घेतली. बरोबर आठ वर्षांची रेखा, एक पत्र्याची पेटी, आणि ही जनावरं. पिंगळ्याचं नाव मामलेदार, कारण तो दिवसभर डोळे मिटून बसायचा आणि उघडले की समोरच्याचाच अर्ज चुकलाय अशा नजरेनं बघायचा. कवच तडकलेलं एक कासव होतं, त्या तड्यावर दवाखान्यातलं प्लास्टर लावलेलं. ती आत्याबाई. आणि तीन पायांचं मुंगूस, बंड्या. सिस्टरांचं माहेर मोरगावच्या बाजूचं. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, पुढं थोडी शेती राहिली आणि ह्या शिकून नर्स झाल्या. नवऱ्याबद्दल विचारलं की "गेला" एवढंच सांगायच्या. वारला की निघून गेला, हे नलूला विचारायला दोन वर्षं लागली. निघून गेला होता.

"धड जनावर कशाला पाळायचं?" त्या एकदा म्हणाल्या. "धडाला पाय असत्यात, ते जाणार. ज्याला जाता येत न्हाय, तेच आपलं."

घरमालकानं घुबडाबद्दल तक्रार केली. घरावर मरण ओढवतं म्हणाला. सिस्टर अंगणात कपडे वाळत घालत होत्या. पिळा झटकत म्हणाल्या, "काका, घुबडानं माणसं मरत असती तर आमच्या दवाखान्यात एवढे डॉक्टर कशाला ठेवले असते?" ह्याचा नेमका अर्थ काय, ह्यावर मालक आठ दिवस विचार करत होते. तेवढ्यात भाड्याची पुढची तारीख आली आणि विषय मागं पडला.

सिस्टर गोष्टी लिहायच्या. हे मला रेखामुळं कळलं. पोरगी शाळेतून यायची आणि उंबऱ्यावर बसून आईची वाट बघायची. आई दिसली की पहिला प्रश्न, "आज कोण गेलं?" कधीतरी आईनं शेजारणीला वॉर्डात कुणी गेल्याचं सांगितलेलं तिनं ऐकलं होतं, तेव्हापासून ही सवय लागली. आता दिवसभर वॉर्डात काढून आलेल्या बाईनं आठ वर्षांच्या लेकीला काय सांगायचं? त्या सांगायच्या, "कोण न्हाय गं. उलट ते सात नंबरचे माने काका घरी गेले. जाताना मला पेरू दिला." मग पेरू कसा होता, काकांना न्यायला कोण आलं, वाटेत बैल कसा अडला, असं वाढत वाढत जायचं. रेखा झोपेपर्यंत माने काका ठणठणीत होऊन घरी पोचलेले असायचे. प्रत्यक्षात माने काका सकाळीच गेलेले असायचे, आणि पेरू कुणीच दिलेला नसायचा.

पुढं त्या हे कागदावर उतरवायला लागल्या. दवाखान्यातल्या रद्दी तक्त्यांच्या कोऱ्या बाजूवर, ड्यूटी बदलताना रिपोर्ट लिहितात त्याच भाषेत. "सकाळी सात वाजता पेशंटने डोळे उघडले. चहा मागितला. साखर कमी आहे अशी तक्रार केली." वाचताना मला हसू यायचं आणि मी पान पुन्हा वरून वाचायचो. पण मी तेव्हा स्वतःला जाणकार समजत होतो. चार पुस्तकं वाचलेल्या माणसाच्या थाटात मी त्यांना म्हणालो, "सिस्टर, तुमच्या गोष्टीत कुणी मरतच नाही. मरण नसलेलं साहित्य खोटं वाटतं."

"मग या की आमच्या वॉर्डात," त्या म्हणाल्या. "तितं लई साहित्य पडलंय."

पुण्याच्या एका प्रकाशकानं त्यांच्या दोन गोष्टी वाचून कळवलं होतं, बारा गोष्टी झाल्या की घेऊन या, पुस्तक काढू. त्या पत्राची घडी त्यांच्या पर्समध्ये असायची. घड्यांवर पत्र फाटत आलं, तरी असायची. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मागितलेलं मला माहीत असलेलं हे एकच. "बारा, भाऊजी. ड्यूटी, पोरगी, ही जनावरं सांभाळून बारा. मग कुणी काय बी म्हणू द्या मला."

माझं काम पक्की प्रत काढायचं. माझं अक्षर गावात प्रसिद्ध होतं. सत्काराची मानपत्रं, लग्नाच्या पत्रिका माझ्याकडे यायच्या, आणि त्याचा मला जो गर्व होता तो चित्रकलेचाही नव्हता. ह्या कामाला एक जोडकामही होतं. कच्च्या लिखाणात सिस्टर पेशंटचं खरं नाव आणि खरं गाव घालायच्या. "नाव बदललं की माणूस माझ्यापुढनं उठून जातो. मग हात चालत न्हाय. फेअर करताना तुमी बदला." मीही बारशाच्या थाटात नावं ठेवायचो. सहा गोष्टी अशा झाल्या.

सातवी दत्तूची. कळसचा बावीस वर्षांचा पोरगा. उसाचा बुडखा पायात घुसला, घरी हळद भरली, आणि दहा दिवसांनी धनुर्वात होऊन आला. अंधाऱ्या खोलीत ठेवलेला. भांडं वाजलं तरी अंगाची कमान व्हायची, म्हणून सिस्टर त्या बाजूला चपला काढून चालायच्या आणि डॉक्टरांनाही काढायला लावायच्या. अकराव्या दिवशी दुपारी तो गेला. त्याची आई ठकूबाई बाहेर ओट्यावर होती. गोष्टीत मात्र बाराव्या दिवशी दत्तू उठला, चहा प्याला, आणि सिस्टर त्याला स्टँडवर सोडायला गेल्या. तो इंदापूरच्या एसटीत बसला, खिडकीतून हात केला. गोष्ट संपली.

माझी प्रत बावीस पानांची झाली. नवव्या पानावर माझ्या लक्षात आलं की नाव बदलायचं राहिलंय. दत्तू दत्तूच होता, कळस कळसच होतं. इथल्याच एका साप्ताहिकाचा माणूस दिवाळी अंकासाठी ती प्रत न्यायला दुसऱ्या दिवशी येणार होता. नऊ पानं पुन्हा काढायची मला जिवावर आली. खाडाखोड करावी तर माझ्या अक्षराची शोभा जाणार. मी मनाशी म्हटलं, कळसात कोण दिवाळी अंक वाचायला बसलंय! आणि उरलेली तेरा पानं तशीच लिहून काढली.

कळसात ठकूबाईचा भाचा कॉलेजला जायचा. त्यानं अंक वाचला, आणि मग मावशीला वाचून दाखवला.

दिवाळी होऊन पंधरवडा झाला असेल. बाजारचा दिवस होता, रेखा शाळेत होती. एक काटक म्हातारी अंक फडक्यात गुंडाळून आमच्या ओळीत आली आणि सिस्टरांच्या उंबऱ्यासमोर बसली. सिस्टरांनी तिला ओळखलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी माझ्या दारात होतो. आत जायला हवं होतं, गेलो नाही.

"ह्ये तू लिवलंस?" ठकूबाईनं विचारलं.

"मावशी, चुकलं माझं. नाव बदलायचं राहिलं. मी पाया पडते तुमच्या."

"पाया ऱ्हाऊ दे. म्या माती दिलीया त्येला, मला काय सांगतीस? मला येड लागलं न्हाय." तिनं अंक सिस्टरांपुढं सरकवला. "पर ह्यात त्यो यष्टीत बसला. इंदापूरच्या. त्याच अंगाला आमचं कळस. मग घरला का न्हाय आला?"

सिस्टर अंक उचलून गोष्टीचं शेवटचं पान बघू लागल्या.

"उतरला कुठं, त्येवढं सांग. म्या जाते."

आणि सिस्टरांनी सांगितलं. दुसरं काय करणार होत्या? म्हणाल्या, वाटेत एक ओळखीचा भेटला, कारखान्यावर काम हाय म्हणाला, म्हणून दत्तू तिथंच उतरला. ठकूबाईनं मान हलवली. "तसाच हाय त्यो. कामाचं नाव काढलं की आईबी आठवायची न्हाय," म्हणून ती उठली. जाताना पिशवीतून मूठभर शेंगा काढून मुंगसापुढं टाकल्या. मुंगूस शेंगा खात नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही.

पुढच्या बाजारला ती पुन्हा आली. मग दर बाजारला. दत्तूला कारखान्यावर खोली मिळाली. मुकादमाशी भांडण झालं, मिटलं. "डब्याचं काय करतो?" "खानावळ लावलीया." "त्येला खानावळीचं सोसत न्हाय, सांग त्येला." असं दीड वर्ष चाललं. दत्तूचं लग्न ठरलं, तेव्हा ठकूबाईनं मुलीची जात, गाव, मामाचं कूळ सगळं विचारून घेतलं आणि दोन स्थळं नाकारली.

इकडं आठवी गोष्ट होईना. सिस्टर एका बाळंतिणीची गोष्ट लिहायला बसल्या, तर दुसऱ्या पानावर दत्तू डबा घेऊन आला. एका म्हाताऱ्या मास्तरांची सुरू केली, त्यांच्या शेजारच्या खाटेवर दत्तू. "भाऊजी, माझ्याकडं येकच माणूस उरलाय," त्या म्हणाल्या. "आणि त्यो बी मेलेला." मी समजूत घातली, हेही एक प्रकारचं लेखनच आहे वगैरे. नलू आतून ओरडली, "तुम्ही जरा गप्प बसा हो!" नाव नजरचुकीनं राहिलं, असं मी सिस्टरांना सांगितलं होतं. नलूलाही तेच सांगितलं होतं.

पुण्याचं एक कार्ड आलं, गोष्टींचं कुठवर आलं म्हणून. त्या कार्डानंतर चार-आठ दिवसांनी सिस्टरांनी मला दारात गाठलं. "भाऊजी, मारू का त्याला?"

मी म्हटलं, "तुम्हाला जमेल?"

"रोज बघते की. लिवायला काय लागतंय?"

त्या बाजारला त्यांनी ते लिहूनच ठेवलं होतं. ठकूबाई नेहमीच्या जागी बसली, रेखा आत गणितं सोडवत होती. सिस्टरांनी कागद बघून वाचलं. दत्तू झोपेत गेला, उशाला बायको होती, त्याला काही कळलंही नाही. वाचताना आवाज हलला नाही. ठकूबाईनं पदर तोंडाला लावला. मग विचारलं,

"तरास न्हाय ना झाला?"

"न्हाय मावशी. झोपेतच."

"मागल्या टायमाला लई तरास झाला त्येला. ह्ये बरं झालं." गुडघ्यावर हात टेकून ती उठली, सिस्टरांच्या तोंडावरून हात फिरवला आणि गेली. पुन्हा कधी आली नाही.

सिस्टर कागदाची घडी करत होत्या. मला वाटलं, सुटल्या. तेवढ्यात रेखा दारात आली. दहा वर्षांची झाली होती.

"आई, मागल्या टायमाला म्हंजे?"

सिस्टरांनी घातलेली घडी पुन्हा उलगडली.

"दत्तू आधीच मेलेला?"

"व्हय."

"आन् माने काका?"

"ते बी."

"ती जुळी झालेली बाई? तू सांगितलेलं, तिनं पोरांची नावं राम-लखन ठेवली."

"गेली बाळा. एक पोरगं वाचलं."

पोरगी एकेक नाव घेत होती. दोन वर्षांतलं एकही विसरली नव्हती. आणि सिस्टर उत्तर देत होत्या. रिपोर्ट देतात तशा, ओळीनं, खालच्या आवाजात, सूर न बदलता. सतरा-अठरा नावं झाली असतील. त्यात खरोखर घरी गेलेले तिघं निघाले. रेखा रडली नाही, तेच मला भयंकर वाटलं. ती आत गेली आणि तिनं उरलेली गणितं सोडवली.

त्यानंतर ती उंबऱ्यावर बसायची बंद झाली. आई आली की पाणी द्यायची, अभ्यासाला बसायची. सिस्टरांनी लिहिणं बंद केलं. मी एकदा म्हटलं, आता तर मोकळ्या झालात, पाचच राहिल्यात. त्या म्हणाल्या, "कुणासाठी लिवू?" मी म्हटलं, पुस्तकासाठी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फळ्यावर चुकीची आकृती काढलीय. उन्हाळ्यात त्यांनी इंदापूरला बदली मागून घेतली.

नंतर मी त्यांना एकदाच भेटलो. इंदापूरला नलूच्या मावसभावाचं लग्न होतं. एसटीत मी सगळं मनाशी जुळवलं, आणि मांडवातून सटकून दवाखान्यात गेलो. सिस्टर एका म्हाताऱ्याची नाडी बघत होत्या. केस बरेच पिकले होते. मला बघून हसल्या. थांबलो असतो तर धीर गेला असता, म्हणून मी उभ्या उभ्याच म्हणालो, "सिस्टर, ते नाव नजरचुकीनं राहिलं नव्हतं. मला नवव्या पानावरच कळलं होतं. मी कंटाळा केला."

त्यांनी दुसरा हात वर करून मला गप्प केलं. नजर घड्याळावर होती, ओठ मोजत होते. पूर्ण एक मिनिट. मग म्हाताऱ्याचा हात चादरीवर नीट ठेवला, तक्त्यावर आकडा लिहिला, आणि माझ्याकडे वळल्या.

"काय म्हणत होता, भाऊजी?"

ऐकू येणार नाही इतक्या हळू मी बोललो नव्हतो.

"काही नाही," मी म्हणालो. "नलूनं जेवायला बोलावलंय. लग्नाला."

"ड्यूटी हाय हो," म्हणून त्यांनी पुढच्या खाटेवरचा हात हातात घेतला. त्या तिसऱ्या खाटेपाशी पोचेपर्यंत मी उभा राहिलो. मग पंगत बसायची वेळ झाली होती, म्हणून निघालो.