मधमाश्या आणि आबा

काल कपाट आवरताना व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट हाती लागली. तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता, आणि मला वडगाव रासाईची एक दुपार आठवली.

तुमची आई तेव्हा दहा वर्षांची होती. पुण्यात नाणं टाकून खेळायचा स्केटबोर्डचा खेळ आता टीव्हीवर आला होता. कॅसेट आमची होती, पण मामेभावाचं गेमचं यंत्र तासाभरात परत द्यायचं होतं आणि तिचा शेवटचा डाव चालू होता. वेळ संपली की पडद्यावर मधमाश्या मागे लागत. स्केटिंगचं मैदान गाठलं की सुटका, तोवर पळायचं, असं मी खेळाच्या इंग्रजी पुस्तिकेत वाचलं होतं.

माश्या आल्या. माझे सासरे, आबा, खाटेवरून ताडकन उठले.

"पळू नगंस पोरी! मोहळ उठल्यावर हालायचं न्हाई!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मैदान समोरच होतं. पण आबांचा शब्द मी कधी खोडला नव्हता. मी पदर सारखा केला. तिनं बटणावरचं बोट उचललं आणि माश्यांनी पडद्यावरच्या पोराला गाठलं.

"त्यो हालला आसंल," आबा म्हणाले.

पुढे परदेशी शिकायला जायचा विषय निघाला, तेव्हा तिनं तसंच माझ्याकडे पाहिलं. आबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "पळ, पोरी."