कोंबडीखालची थुंकी

गंगाखेडच्या एका आख्ख्या आळीची थुंकी मी एका लाथेत सांडली. मुद्दाम नव्हे. बायनाबाईंच्या खुडूक कोंबडीला "हुश्" म्हणायला गेलो, ती तोंडावर झेपावली, मी मागे सरकलो तो पाय थेट डालग्यात. काचेच्या नळ्या जात्यावर आपटून फुटल्या आणि सारवलेल्या जमिनीवर हिरवं पाणी पसरलं.

ही सन त्रेचाळीसची गोष्ट. डॉक्टर किशनराव मुंबईहून दातांची डॉक्टरी शिकून आले होते, मी त्यांचा कंपौंडर. दात उपटण्यापेक्षा कोणाचा दात पुढे किडणार हे आधीच ओळखण्याचा त्यांना भारी नाद. माणसानं मेणाचा तुकडा चघळायचा, नळीत थुंकायचं, थुंकी हिरव्या औषधात मिसळून तीन दिवस उबेत ठेवायची. औषध हिरवं राहिलं तर दात निर्धास्त. पिवळं पडलं तर किडीचा धोका.

उबेच्या पेटीला वीज लागते, आणि गंगाखेडात वीज फक्त पावसाळ्यात, तीही आभाळात. तेव्हा दवाखान्याची झाडलोट करणाऱ्या बायनाबाई म्हणाल्या, "माजी कोंबडी खुडूक हाय. अंडं उबवती, मग नळी न्हाई उबवणार व्हय?" डॉक्टरांनी कोंबडीखाली थर्मामीटर सरकवून पाहिला आणि खूश झाले.

खरी अडचण निराळीच. केस, नखं, थुंकी परक्याच्या हाती गेली की करणी होते, ही भीती. कोणी थुंकेना. नवऱ्यामागे एकटीनं शेत कसलेल्या बायनाबाईंचा शब्द मात्र आळीत चालायचा. "थुंकी माज्या घरात ऱ्हाईल, तिला कुनी शिवणार न्हाई," असं वचन देऊन त्यांनी नळ्या भरून आणल्या. आणि त्या वचनात मी पाय घातला.

मी म्हटलं, "गुपचूप पुसून टाकू. कोंबडीनं फोडल्या म्हणू."

बायनाबाईंनी असं पाहिलं की त्यापेक्षा कोंबडी परवडली. जमिनीची ओली माती खरडून त्या गोदावरीत सोडून आल्या, मग माझा दंड धरून त्यांनी मला भर आळीत उभं केलं आणि बायका गोळा केल्या.

"ह्या कंपौंडरनं तुमची थुंकी सांडली. माती खरडून मी गंगेत सोडली. शब्द मी दिलता, तो मोडला. आता परत द्यायची का न्हाई, तुमचं तुमी ठरवा."

असली बाई आमच्या दवाखान्यात होती, हे मी अजून छाती फुगवून सांगतो. त्या वेळी मात्र छातीत नुसती धडधड होती.

झुंबरबाई, आळीतली सर्वांत संशयी म्हातारी, म्हणाली, "आदी ह्येला थुंकू दे. बघू तर, ह्येच्यावर काय करणी व्हती!"

"थुंका," बायनाबाई म्हणाल्या.

सगळ्या सासवा-सुना टक लावून बघत असल्या की तोंडाला पाणी सुटत नाही, हे वैद्यकीय सत्य मी तिथं शिकलो. मेण चघळून जबडा दुखला.

"एवढी साळा शिकला, पर साधं थुंकाय येईना गं!" मागून एक सून म्हणाली.

हशा उसळला, आणि माझी नळी एकदाची कशीबशी भरली. त्या हशातच झुंबरबाईनं मेणासाठी हात पुढं केला. मागोमाग सगळ्यांनी.

तीन दिवस बायनाबाई डालग्यापासून हलल्या नाहीत. निकाल लागला. झुंबरबाईच्या तोंडात दोनच दात, पण नळी हिरवीगार, माझी पिवळीधम्मक. पिवळ्यांचा गूळ डॉक्टरांनी बंद केला. हिरव्यांचा तोरा तर विचारूच नका. शेजारच्या आळीतून निरोप आला, आमची थुंकी कधी घेता?

मी म्हटलं, "बघा बायनाबाई, अखेर गावाचा डॉक्टरांवर विश्वास बसला!"

नळ्या धुता धुता त्या म्हणाल्या, "डागदरवर न्हाई, माज्यावर."