खिशातले फ्यूज

सत्तरच्या दशकात सांगलीत लिफ्टची इमारत पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवत. तसल्याच एका चार मजली इमारतीत मी आयुष्यातला सगळ्यात मोठा मार खाल्ला. घरातली पोरं ही हकिकत ऐकून हसतात, मीही हसू देतो; पण डाव्या कानानं अजून नीट ऐकू येत नाही.

इमारत हळदीच्या दोन व्यापाऱ्यांची, सख्ख्या भावांची. थोरला खाली, धाकटा वर. शेत वाटलं, गोदाम वाटलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. लिफ्टच्या पाळ्या काही जमेनात. शेवटी थोरल्यानं लिफ्टमध्ये किल्लीचा स्विच बसवायला काढला. किल्ली फिरवल्याशिवाय बटणं मुकी, आणि किल्ली थोरल्याच्या करदोट्याला.

काम घेतलं आमच्या दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, फौजेत वायरमन होते, मग साताऱ्याला परतले; मी त्यांच्या हाताखाली काम शिकत होतो. त्यांचा एकच कायदा: एक जण लिफ्टच्या टपावर उभा असला, की दुसऱ्यानं मेन स्विचचे फ्यूज काढून खिशात ठेवायचे आणि तो बाहेर येईपर्यंत देवालाही द्यायचे नाहीत.

त्या दुपारी दाजी दोन मजल्यांच्या मधे टपावर उभं राहून वायर बांधत होते. मी गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत, फ्यूज चड्डीच्या खिशात. इतक्यात धाकटा पहार घेऊन आला. त्यानं आधी आमची हत्यारांची पेटी फोडली आणि लिफ्ट आत्ताच्या आत्ता सुरू कर म्हणाला. दाजी आत आहेत, असं मी सांगितलं. त्याला वाटलं, मला थोरल्यानं पढवलंय. पहारेचं बोथट टोक छातीत बसलं, तेव्हा बरगडी मोडताना आवाज होतो हे मला कळलं.

मागोमाग थोरला काठी घेऊन धापा टाकत आला. वाटलं, सुटलो. त्यानं भावाचं डोकं फोडलं, भावानं त्याचे पुढचे दात पाडले, आणि रक्ताळल्या तोंडानं त्यानंही फ्यूजच मागितले. थोरल्याला किल्ली चालवून दाखवायची होती, धाकट्याला कुलूप तोडून लिफ्ट. वाटणीनंतर दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि ते मिळून मला तुडवू लागले.

मी काही शूर नाही. देऊनही टाकले असते. पण दाजींचा चेंदामेंदा झाला तर ताईला काय तोंड दाखवू, हा विचार लाथांपेक्षा वाईट होता. खिसा पोटाखाली दाबून पालथा पडलो. चिनी मातीचा एक फ्यूज फुटून मांडीत घुसला. कानावर काठी बसली. लिफ्टचे दोर खाली जातात त्या भोकातून दाजींचा आवाज आला, "आरं, काय चाललंय रं वर?"

"दाजी, भाईर निघा," मी ओरडलो. "मी फ्यूज दिलं न्हाईत अजून."

'अजून' ऐकून दाजी जे निघाले, ते वरच्या मजल्याचं दार आतून उघडून, पाना घेऊन थेट गच्चीवर. थोरल्याच्या मनगटावर पाना, धाकट्याच्या कानशिलात हात. मग माझ्या खिशातले फ्यूज काढून त्यांनी स्वतःच्या खिशात घातले.

"उचला ह्याला," ते दोघांना म्हणाले. "जिन्यानं न्या. लिफ्ट आज बंद हाय."

थोरल्यानं खांदे धरले, धाकट्यानं पाय. पहिल्याच वळणावर कुणी आधी वळायचं यावरून त्यांची पुन्हा जुंपली, आणि दोघांनी मला एकदमच सोडलं.

पुढचे मजले दाजींनी मला पाठुंगळी नेलं. त्यांची पाठ थरथरत होती. वाटलं, रागानं. मग ते स्वतःशीच "अजून म्हनं" असं पुटपुटले, तेव्हा कळलं, माणूस हसतोय.