दाजींचा ओढलेला कमठा

आमच्या डोंगरपट्ट्यात माझ्या दाजींइतका वेळ कमठा ओढून धरणारा माणूस आजवर झाला नाही आणि पुढे होणारही नाही, कारण एवढा रिकामा वेळ आता कुणाकडे राहिलेला नाही. कमठा म्हणजे बांबूचं धनुष्य, अंबाडीच्या वाखाची दोरी लावलेलं. आणि दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. त्यांचं गाव कळमनुरीकडच्या डोंगराला चिकटून. शेतात भुईमूग लावला की रानडुकरं उतरत, आणि डुकरं उतरली की दाजी कमठा घेऊन निघत. बाण लावत, दोरी कानापर्यंत ओढत आणि उभे राहत. इथवर सगळे शिकारी सारखेच. पुढे बाकीचे लोक बाण सोडतात. दाजी उभेच राहत. डुक्कर भुईमूग उकरून खाई, पिलांना खाऊ घाली, पाणी प्यायला ओढ्याकडे जाई, आणि दाजींचा बाण त्याच्या मागे मागे वळत राही. दिवाळीनंतर मी माहेरपणाला अक्काकडेच जायचे, कारण आईबाप लवकर गेले होते. तेव्हा मी हे बांधावर बसून बघितलेलं आहे. एकदा मी विचारलं, "दाजी, सोडता काहून न्हाई?" मान न वळवता म्हणाले, "मेव्हणीबाई, बाण सुटला की खेळ खलास. लागला तर डुक्कर मेलं, न्हाई लागला तर पळालं. दोन्हीकडून गेलंच. धरलेला हाय तोवर ते डुक्कर माझं हाय." मी म्हटलं, "आन् भुईमूग?" थोडा विचार करून म्हणाले, "भुईमूग डुकराचा."

धरून ठेवायची ही खोड त्यांना फक्त कमठ्यापुरती नव्हती. लग्नात अक्षता हातात घेतल्या की त्या टाकायची बराबर वेळ त्यांना कधी सापडायची नाही. नवरानवरी बोहल्यावरून उतरली, पंगती उठल्या, मांडव सुटायला लागला, तरी दाजींची मूठ बंद. घरी आले की अक्का मूठ उघडायची आणि रंगवलेली ज्वारी कोंबड्यांना टाकायची. तिच्या कोंबड्या लग्नसराईत गुबगुबीत होत. कळमनुरीच्या बाजारात एकदा बकरी विकायला गेले. तिकडे रुमालाखाली हात धरून, बोटं दाबून भाव ठरवतात. दाजींनी व्यापाऱ्याची बोटं धरली ती धरली. दाबेनात, सोडेनात. व्यापारी आधी हसला, मग घामेजला, शेवटी म्हणाला, "पाटील, बकरी नको, पण हात तेवढा वापस द्या." बकरी घरी आली आणि म्हातारी होऊन मेली. तोंडात बोलता बोलता शब्द धरून ठेवायचे तेही वेगळंच. "मी काय म्हणतो," असं म्हणून थांबले की समोरच्या बाईने भांडी घासून यावीत.

पण खरी गंमत त्यांच्या रिवाजाची. दाजी सांगत, "ओढलेला बाण आपण मागं घ्यायचा न्हाई. एक तर तो सुटंल, न्हाई तर घरच्या बाईनं येऊन काढायचा. आपण काढला तर कमठा रुसतो." हे त्यांनी अक्काला लग्न झालं त्याच वर्षी सांगितलं होतं. आता बाण तर कधी सुटायचा नाही, म्हणजे प्रत्येक वेळी काढायला अक्काच. सकाळी डुक्कर निघून गेलं की शेजारच्या शेतातून कुणीतरी हाळी द्यायचं, "वैनी, दाजी अडकले." माझ्यामुळे सगळं गाव त्यांना दाजीच म्हणायला लागलं होतं. अक्का चुलीपुढून उठायची, पिठाचे हात पदराला पुसायची आणि शेताच्या वाटेने शिव्या देत जायची. शिव्यांचा क्रम ठरलेला. "आवं, हात हाय का खुंटी?" ही पहिली. "डुकराला तरी लाज हाय, खाल्लं की जातं," ही दुसरी. मग दाजींच्या बोटांतून बाण अलगद बाजूला घ्यायची आणि म्हणायची, "भाकर करपली माझी." ते ऐकलं की दाजींचा हात खाली यायचा, त्याआधी नाही. मग दोघं घरी यायची आणि दाजी ती करपलेली भाकर कुरकूर न करता खायचे. मी अक्काला विचारलं होतं, "तू एखाद् दिवशी न्हाई गेलीस तर?" ती म्हणाली, "तर उभे राहतील. कावळे बसतील अंगावर." आणि लगेच उठून गेली.

त्यांचा कमठा चार माणसांनाही वाकत नाही, असं गावात बोललं जायचं. एकदा पडवीत कुणी नव्हतं तेव्हा मी तो खुंटीवरून काढून ओढून बघितला. गाईचं दावं ओढावं तसा आला. इतक्या वर्षांत ओढून ओढून बांबू मऊ पडला होता. मी हे कुणाला सांगितलं नाही. आज लिहिते आहे, कारण आता कुणी त्यांना शिकारीला बोलवत नाही.

पूर्वी बोलवायचे. गावकरी मिळून डोंगरातून हाका घालत, डबे वाजवत, आणि डुकरं ज्या खिंडीतून पळतील तिथे तीरकमठेवाले उभे करत. पहिल्या वर्षी दाजींना ऐन खिंडीत उभं केलं. डुक्कर आलं, मोठं सुळ्याचं. दाजींनी ओढला. डुक्कर थांबलं, दाजींकडे बघितलं आणि पळसाला अंग घासायला लागलं. सावकाश, दोन्ही बाजूंनी. मग निघून गेलं. हाकेवाले घशाला कोरड पडलेल्या अवस्थेत वर आले तर हे अजून ओढूनच. "सोडला काहून न्हाई ओ?" "ते खाजवून राहिलं होतं," दाजी म्हणाले. "खाजवताना कुणाला मारावं का?" पुढच्या वर्षी त्यांना जिकडे डुक्कर कधीच जात नाही अशा बाजूला उभं केलं. त्या वर्षी सगळी डुकरं तिकडूनच गेली. त्यांच्यातही काहीतरी बोलणं झालं असणार. त्या दिवशी अक्का घरी नव्हती, सिद्धेश्वरला मावशीकडे गेली होती. निरोप जाऊन ती येईपर्यंत दाजी ओढून उभे. मी बशीत चहा ओतून त्यांच्या तोंडाला लावला. एकाने पेटवून बिडी ओठात दिली. ती संपली तेव्हा बाकीच्या शिकाऱ्यांनी तिथेच बसून भाकरी खाल्ल्या आणि एकजण म्हणाला, "दाजी, उन्हाळ्यात तुमच्यावर मांडव घालता येईल." मी म्हटलं, "आणा बाण, मी काढते." दाजी म्हणाले, "तू घरची न्हाईस." मी म्हटलं, "मग चहा बी घरच्याच बाईचा प्या," आणि बशी घेऊन लांब जाऊन बसले. खरं सांगायचं तर मला राग आला होता.

दाजींना लोकांनी काहीही म्हटलेलं चालायचं, पण शिकारी म्हटलं पाहिजे, एवढी एक अट होती. ती मोडली फॉरेस्टच्या गार्डाने. शिकारीला बंदी होती आणि कुणीतरी चुगली केली होती. गार्ड आला तर हे बांधावर कमठा ओढून उभे, आणि बाणाचं टोक नेमकं वाटेकडे. गार्ड झाडाआड गेला. "मामा, खाली करा ते."

"खाली करता येत न्हाई, साहेब."

"काहून?"

"बायको घरी हाय."

गार्ड नवीन होता. त्याला वाटलं, घरी बायकोला काहीतरी झालंय आणि माणसाचं डोकं फिरलंय. तो झाडाआडूनच समजूत घालायला लागला, की मामा, तकलीफ सगळ्यांना असते. तेवढ्यात अक्का आली. खुंटी, डुक्कर, भाकर, सगळं क्रमाने झालं आणि हात खाली आला. मग गार्डाने घर तपासलं. गाडग्यात अंबाडीची भाजी, शिंक्यावर ताक. मांस नाही, कातडं नाही, हाडूक नाही, पडवीत साधं सशाचं केससुद्धा नाही. गार्ड अक्काला म्हणाला, "बाई, हे शिकारी न्हाईत. उगाच आलो मी." झालं. दाजी लाल झाले. "शिकारी न्हाई म्हंजे? मला हिंगोलीला न्या. गाडीत घाला." गार्ड म्हणाला, "मामा, न्यायला निदान एक ससा तरी पाहिजे ना." अक्का म्हणाली, "न्या ओ साहेब ह्यांना चार दिस. माझ्या भाकरी तरी नीट होतील." गार्ड चहा पिऊन गेला. दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "त्याला काय कळतं. मारणारा शिकारी कुणी बी असतो." मी म्हटलं, "दाजी, न मारणारे तर आमी समदेच हाओत." त्यावर त्यांनी एक शब्द धरला आणि तो अजून सोडलेला नाही.

अक्का गेली. पोटाचं दुखणं होतं, नांदेडपर्यंत नेलं होतं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. दहाव्याला दाजींचे म्हातारे चुलते माझ्या शेजारी बसले होते. मी सहज विचारलं, की आता तुमच्या रिवाजाचं काय, बाण कोण काढणार. चुलते म्हणाले, "कसला रिवाज? आमी शिकार हुकली की बाण काढून गुमान घरी येतो. ह्याचा बाप बी तसाच यायचा." मी म्हटलं, "मग हे?" ते म्हणाले, "हे त्याचंच काढलेलं. लग्न नवं होतं. घरात माणसं बक्कळ, बायकोशी दोन शब्द बोलायला मिळत नव्हतं. शेतात बोलवायला काहीतरी पाहिजे ना. तुझ्या बहिणीला मी तवाच सांगितलं होतं."

"मग ती काय म्हणली?"

"हसली. आन् दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली."

कमठा खुंटीवर राहिला. डुकरांनी त्या वर्षी भुईमूग पुरा खाल्ला. दाजींच्या पोराने मग शेताभोवती जुन्या साड्या बांधल्या, त्या फडफडल्या की डुकरं बिचकतात म्हणून. अक्काच्याच साड्या. त्यातली एक माझी होती, नेसायला नेऊन तिने परत दिली नव्हती. अक्काचं वर्ष घातलं तेव्हा मी गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींची सून शेतातून पळत आली. "मावशी, आबा कमठा ओढून उभे हायती. मी काढायला गेले तर नको म्हणले."

मी गेले. साड्यांच्या कुंपणाच्या आत दाजी उभे होते, दोरी कानापर्यंत. पुढे बघितलं, तर डुक्कर नाही, ससा नाही, मोकळी काळी जमीन. "काय धरलंय?" मी विचारलं.

"होतं एक. गेलं."

"मग काढा बाण."

"मला येत न्हाई काढता."

चुलत्यांचं बोलणं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. म्हटलं, "मी घरची न्हाई." हाताच्या शिरा वर आल्या होत्या आणि बाणाचं टोक वाऱ्यातल्या पानासारखं हलत होतं. मी जवळ गेले. "आवं, हात हाय का खुंटी?" मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. "डुकराला तरी लाज हाय, खाल्लं की जातं." बोटं थंडगार होती. त्यातून मी बाण काढून घेतला. हात खाली येईना.

"एक राहिली," दाजी म्हणाले.

"मी भाकर टाकलीच न्हाई. करपंल कशी?"

"म्हण तरी."

म्हटलं मी. हात खाली आला. आम्ही घरी आलो. सुनेने चहा केला होता, तो त्यांनी स्वतःच्या हाताने बशीत ओतून मला दिला.

तेव्हापासून मी तिकडे गेले की दाजी सकाळी कमठा घेऊन शेतात जातात. एरवी तो खुंटीवरून काढत नाहीत, सून सांगते. औंढ्याहून माझी एसटी कधी येईल याची चौकशी मात्र दोन दिवस आधीपासून चालू असते. हाळी आली की मीही जाते. फक्त जाण्याआधी चूल पेटवून एक भाकर तव्यावर टाकते आणि ती तशीच ठेवून निघते. सून ओरडते, "मावशी, करपंल ना." करपू दे. खोटं बोलायला मला आवडत नाही.