दादाच्या विहिरीचा आलेख

मंगळवारी सकाळी दादा विहिरीवर गेला. त्याने दोर सोडला, गाठी मोजल्या, आकडा लिहिला आणि कठड्याला टेकून बसला. वहिनी चहाला बोलवायला गेल्या तेव्हा तो बसल्या जागीच गेलेला होता.

दादा माझा थोरला भाऊ. ईटला, आमच्या गावी, शाळेत भूगोल शिकवायचा. घरामागच्या विहिरीचं पाणी तो नोकरीत असल्यापासून सकाळ-संध्याकाळ मोजायचा. टोकाला दगड बांधलेला दोर, फुटाफुटावर गाठ. दगड पाण्याला टेकला की थांबायचं आणि कठड्यापासून खाली किती गाठी गेल्या ते मोजायचं. निवृत्तीनंतर त्याने हे सगळे आकडे कॉम्प्युटरवर स्प्रेडशीटमध्ये भरले, दोन बोटांनी, एकेक करून. हजारो ओळी झाल्या. त्याला एवढंच हवं होतं की सगळी वर्षं एका कागदावर दिसावीत. ते जमलं नाही. आलेख काढला की पडद्यावर निळा ठोकळा उमटायचा. मला फोन करून म्हणायचा, "मी विहीर मोजली का भिंत रंगवली, काही कळंना बघ." मी धाराशिवला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दिवाळीत आले की दोघं मिळून बसू, असं आमचं ठरलं होतं.

दहावं-तेरावं झाल्यावर मी परत निघाले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "वन्सं, ह्या दोरापायी मी त्यांना लई बोलले. माझ्या भावाच्या लग्नात हे जेवले आन् संध्याकाळच्या गाडीनं माघारी. आकडा चुकंल म्हणं. एवढं करून काय झालं, ते एकदा मला डोळ्यांनी दावा. वर्षश्राद्धाच्या आत दावा."

"दाखवते," मी म्हणाले.

"आन् मोजायचं बंद पडायचं न्हाय. मी मोजते. तुम्ही भरा."

तसंच झालं. दर रविवारी वहिनी फोनवर आठवड्याचे आकडे सांगायच्या आणि मी ते दादाच्या आकड्यांखाली भरायची.

आलेखाच्या मागे मी संध्याकाळी लागायची. ठोकळा का उमटतो ते आधी कळलं. दादाने रोजच्या आकड्याला एकेक उभा खांब मागितला होता. हजारो खांब एवढ्याशा रुंदीत बसवायचे म्हणजे ते एकमेकांना चिकटणारच. खांब काढून रेघ घेतली, रोजच्याऐवजी आठवड्याची सरासरी घेतली. तरी वर्षं पुढेमागे होत होती. दादाने तारखा मध्ये टिंब देऊन लिहिल्या होत्या, शाळेच्या हजेरीवर लिहायचा तशा. त्या तारखा आहेत हे कॉम्प्युटरला कळतच नव्हतं, साधा मजकूर समजून तो त्या लावत होता. त्या बदलल्या. मग रेघ उन्हाळ्यात वर चढायला लागली, कारण पाणी खाली गेलं की आकडा मोठा होतो. उभा अक्ष उलटा केला, शून्य वर आणलं. आता पावसाळ्यात रेघ वर, वैशाखात खाली. वर्षामागून वर्ष. दुष्काळाची वर्षं मला आकडे न बघता ओळखू आली.

शेवटचं वर्ष मात्र बिघडलेलं होतं. सुतकात विहिरीवर कुणी गेलं नव्हतं, ते रकाने रिकामे होते. रिकाम्या रकान्याला शून्य धरलं जात होतं, आणि शून्य म्हणजे पाणी कठड्यापर्यंत. दादा गेला त्या आठवड्यात विहीर काठोकाठ भरल्यासारखी दिसत होती. मी तिथे आधीचा आणि नंतरचा बिंदू रेघेने जोडून घेतला. पण पुढचं सगळं वर्ष पालथं येत होतं. तारखा तपासल्या, अक्ष तपासला, कुठे आकड्याऐवजी मजकूर पडला आहे का ते पाहिलं. काही सापडेना. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मी कॉम्प्युटर घेऊन ईटला गेले आणि वहिनींना म्हणाले, "तुमच्या आकड्यांत विहीर वैशाखात भरते आणि पावसाळ्यात आटते."

"अवं, वैशाखात भरती व्हय? मंग टँकरवाल्याच्या पाया कशाला पडत होते मी?"

आम्ही विहिरीवर गेलो. वहिनींनी दोर सोडला. दगड पाण्याला टेकला तरी थांबल्या नाहीत. तळाला लागेपर्यंत सोडला, वर ओढला आणि ओल्या गाठी मोजल्या.

"वहिनी, दादा कोरड्या गाठी मोजायचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोरडा दोर मोजून काय करायचं? घागर बुडती का न्हाय, ते बघायचं का न्हाय?"

"तुम्ही रोज बघत होता ना त्याला?"

"स्वयंपाकघरातनं बघायचे. गाठी मोजत्यात, एवढं दिसायचं. कोंच्या मोजत्यात, ते कुठं कधी इचारलं?" त्या कठड्यावर बसल्या. म्हणाल्या, "वाया गेलं का मंग सगळं, वर्षाचं?"

"नाही. एकदा पुरी खोली मोजू. त्यातून तुमचे आकडे वजा केले की त्याचे होतील."

कठड्यापासून तळापर्यंतच्या सगळ्या गाठी मी मोजल्या, मग वहिनींनी मोजल्या. तिथेच कठड्यावर कॉम्प्युटर ठेवून मी वजाबाकी केली. शेवटचं वर्ष सुलटं झालं आणि दादाच्या रेघेला जाऊन मिळालं. तालुक्याला जाऊन मोठ्या कागदावर छापून आणलं.

वहिनींनी कागद जमिनीवर पसरला आणि बोट फिरवलं. लग्न होऊन आल्या ते साल विचारलं, मुलगी झाली ते विचारलं. विहीर पहिल्यांदा आटली ते साल त्यांनी स्वतःच सांगितलं. बोट शेवटाला आलं तेव्हा थांबल्या.

"ह्यात त्यांचं कुठं संपलं?"

मी दाखवलं. रेघ तिथे अखंड होती.

"हे दिवस तर कुणीच मोजलं न्हाय."

"नाही. मी जोडून घेतलं, नीट दिसावं म्हणून."

"जोडू नगा, वन्सं."

मी जोडलेली रेघ काढून टाकली, शून्यही धरू न देता तिथे रेघेत तेवढी जागा कोरी सोडली आणि दुसऱ्या दिवशी कागद पुन्हा छापून आणला. वर्षश्राद्धाला तो दादाच्या फोटोखाली भिंतीवर लावला.

तो अजून तिथेच आहे. वहिनी आता कोरड्या गाठी मोजतात. आकडे भरायचं काम माझ्याकडे आहे.