खंडेनवमीची रायफल

माझ्या नवऱ्याचा उजवा डोळा आजही जागच्या जागी आहे. त्याचं श्रेय मला देऊ नका. तो डोळा जावा याची सगळी तयारी मी स्वतःच्या हातांनी केली होती, तीही हळदकुंकू वाहून.

पुण्यात असताना झुरळ दिसलं की हा माणूस मला हाक मारायचा. उइटहॉर्न या डच गावात घर घेऊन तीन वर्षं झाल्यावर त्याने जाहीर केलं की तो शिकारीचा परवाना काढणार. शेजारचा म्हातारा जुना शिकारी. त्याने एकदा रानडुकराचं सॉसेज चाखायला दिलं आणि याला साक्षात्कार झाला की इथल्या लोकांत मिसळायचं तर इथलं काहीतरी करायला हवं. लोक मिसळण्यासाठी सायकल घेतात, फार तर बर्फावर घसरायला शिकतात. आमच्याकडे थेट बंदूक. वर्षभर डचमधून पाखरांची नावं पाठ करून स्वारी पास झाली. बंदूक ठेवायची, भिंतीला बोल्टने आवळलेली तिजोरी तपासायला पोलीस घरी आले. मी त्यांना चहा दिला आणि मनात 'नाही म्हणा, नाही म्हणा' असा जप केला. ते हो म्हणाले.

मग रायफलीची निवड. आमच्या लग्नात त्याने माझ्याबद्दल जेवढी चौकशी केली नसेल तेवढी त्याने तेवीस रायफलींची केली. एक्सेल शीट, रंगीत रकाने, वजन, नळीची लांबी, लोकांचे अभिप्राय. म्हाताऱ्याने ती शीट दोन मिनिटं पाहिली, लॅपटॉप मिटला आणि याला दुकानात घेऊन गेला. तिथे एकच परीक्षा. डोळे मीट, रायफल खांद्याला लाव, आता डोळे उघड. डोळा आपोआप वर बसवलेल्या दुर्बिणीच्या बरोबर मागे आला तर ती तुझी. मान ताणावी लागली तर ती दुसऱ्या कुणाची. दिवसभर खांद्यावर वागवता येईल एवढंच वजन घे, आणि रायफलीच्या दिमाखापेक्षा दुर्बीण चांगली घेऊन ती घट्ट बसव, एवढंच त्याचं म्हणणं. चौथी रायफल बसली. जुनी, लाकडावर ओरखडे, पण नळी आतून स्वच्छ. ती शीटमध्ये नव्हतीच. मला फार बरं वाटलं.

पुढे सुरू झाली निगा. मिक्सरचं भांडं घासायला सांगितलं की ज्याची कंबर धरते, तो मनुष्य तासभर नळी साफ करू लागला. गज घालायचा तो मागून, तोंडाकडून नाही. आधी तेलाची चिंधी, मग कोरड्या चिंध्या, स्वच्छ निघेपर्यंत. तेल थेंबभरच, जास्त झालं की त्यावर कचरा बसतो. गारठ्यातून घरात आणलेल्या लोखंडाला घाम सुटतो, म्हणून ते पुसल्याशिवाय तिजोरीत ठेवायचं नाही. आमचे टॉवेल दमट वासाचे असायचे, रायफल मात्र ठणठणीत कोरडी.

आणि शेवटचा विधी. काडतूस भरण्याआधी, प्रत्येक वेळी, नळीचं मागचं तोंड बंद करणारा खटका काढायचा आणि उजेडाकडे धरून नळीतून आरपार बघायचं. याबाबतीत म्हातारा हट्टी होता. त्याच्या शेडमध्ये एक फुटकी नळी टांगलेली होती, सोललेल्या केळ्यासारखी. नळीत बोटभर चिखल अडकला होता, म्हणाला. गोळी सुटली, नळी फुटली, आणि नेम धरणाऱ्या त्याच्या एका मित्राचा गाल रायफलीलाच टेकलेला होता. त्या मित्राला नंतर एकच डोळा राहिला.

हे सगळं मी ऐकलं होतं. तरी नवरा खिडकीशी उभा राहून नळीत बघू लागला की मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "काय रे, चंद्र दिसला का?" पाहुण्यांसमोर तर हमखास. सगळे हसायचे, तोही हसायचा. काही महिन्यांनी तो माझ्याकडे पाठ करून बघायला लागला. हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि मला त्याचीही गंमतच वाटली.

नवऱ्याचा खरा जीव अडकला होता रिकाम्या काडतुसांत स्वतः दारू आणि गोळी भरण्यात. म्हाताऱ्याच्या शेडमध्ये त्याचं यंत्र होतं. म्हाताऱ्याने अट घातली: एक वर्ष दुकानातलीच काडतुसं. वर्षभरात एकदाही काही विसरला नाहीस तर यंत्रासमोर बसवीन. तिथे टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, फोन बंद, तोंडही बंद, प्रत्येक माप तोलून, आणि इंटरनेटवरच्या कुणा उपटसुंभाचं प्रमाण कधीच वापरायचं नाही. डोसा उलटतानाही युट्यूब बघणाऱ्या या माणसाने हे सगळं कबूल केलं. ते वर्ष दसऱ्याच्या सुमाराला भरत होतं. तो लहान मुलासारखे दिवस मोजत होता.

खंडेनवमीला आमच्याकडे लॅपटॉप, सायकली, इंडक्शनची शेगडी अशी सगळ्यांची पूजा होते. मी म्हाताऱ्याकडे झेंडू मागितला. तो भाज्यांच्या वाफ्यात लावतो. त्याने फुलदाणीत ठेवता यावा म्हणून लांब देठांसकट कापून दिला. आपल्याकडे झेंडूची नुसती मुंडकी मिळतात, किलोवर, हे त्याला कोण सांगणार? नवऱ्याने तिजोरी उघडली, रायफल पाटावर ठेवली आणि पहारेकऱ्यासारखा शेजारी उभा राहिला. मी हळदकुंकू वाहिलं. सायकलीच्या हँडलला फूल खोचलं, लॅपटॉपच्या बिजागरीत खोचलं आणि सगळ्यांत टपोरं फूल रायफलीच्या तोंडात, देठ पार आत घालून.

"अगं, तिथे नको."

"देवाचं फूल आहे. खातंय का तुझ्या बंदुकीला?"

संध्याकाळी त्याने फूल काढलं आणि चिंध्या घेऊन बसायला लागला. मी म्हटलं, पूजा झालेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही, उद्या सीमोल्लंघन झालं की काय ते घास. त्याने रायफल तिजोरीत ठेवून कुलूप लावलं. निर्माल्य मी ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ते फूल देठाशिवाय होतं हे मी पाहिलं नाही.

दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून म्हाताऱ्यासह आम्ही तिघे नेमबाजीच्या मैदानावर गेलो. मी शूरवीराचं चित्रीकरण करायला फोन घेऊन मागे उभी. त्याने खटका काढला, नळी उजेडाकडे उचलली, आणि मी सवयीने म्हणाले, "चंद्र दिसला का?"

त्याचे कान लाल झाले. नळी डोळ्यापर्यंत न नेताच त्याने खाली आणली, खटका बसवला आणि काडतुसाला हात घातला. म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं.

"बघितलंस?"

"हो."

"पुन्हा बघ."

त्याने बघितलं. बराच वेळ नळी खाली आली नाही. मग गज मागवला, मागून ढकलला आणि टेबलावर एक हिरवा देठ पडला. माझ्या मधल्या बोटाएवढा. म्हाताऱ्याने तो उचलून हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं. माझा फोन अजून चालूच होता.

"हा कोणी घातला?"

"मी," नवरा म्हणाला. "काढायचा राहिला."

"मग आणखी एक वर्ष दुकानातली काडतुसं."

नवऱ्याने मान हलवली. एरवी माझ्या तोंडाला कुलूप लावायला तिजोरीही पुरणार नाही, आणि त्या दिवशी एवढंसं 'मी' तोंडातून निघालं नाही. मला स्वतःची किळस आली.

आठवड्याने मी कुंपणाशी जाऊन म्हाताऱ्याला सांगितलं की देठ माझा होता, शिक्षा त्याला नको.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "देठ मीच कापला होता. ते वर्ष देठासाठी नाही. न बघता हो म्हणाला, त्यासाठी आहे."

नवरा हो का म्हणाला, हे मी म्हाताऱ्याला सांगितलं नाही. ते मला आणि नवऱ्यालाच ठाऊक आहे.

आता तो रायफल बाहेर काढतो तेव्हा मी स्वयंपाकघर सोडून त्याच्याजवळ जाते. बंदूक तो धरतो. आधी तो बघतो, मग त्याच्या खांद्यावरून वाकून मी बघते. पलीकडे खिडकीतल्या उजेडाचा स्वच्छ, पांढरा गोल दिसतो. खरंच चंद्रासारखा दिसतो तो. पण हे मी त्याला अजून बोलून दाखवलेलं नाही.