पंपावरचा पंचा

आमची गाडी माझ्या लायसन्सपेक्षा वयाने मोठी आणि माझ्यापेक्षा समंजस आहे, असं बायकोचं मत. घेतलेली वडिलांनी. ते गेल्यापासून वारज्याला आमच्या सोसायटीत ती पार्किंग अडवून उभी असते, आणि अधूनमधून भर रस्त्यात, रस्ता अडवून.

गेल्या मे महिन्यात बायकोने अट घातली. "मंडईतून आंब्याची पेटी घेऊन यायची. जाता-येता कुठे बंद पडली नाही, तर राहू दे. पडली, तर संध्याकाळी ते गिऱ्हाईक येतंय, त्याला देऊन मोकळं व्हायचं."

मी गाफील नव्हतो. आदल्या रविवारीच बॉनेट उघडून आतला सगळा भाग पुसून लख्ख केला होता. इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर एक कळकट, वाळून कडक झालेलं फडकं गुंडाळलेलं होतं, तेही सोडवून कचऱ्यात टाकलं. वडिलांच्या गाडीत ही असली घाण! मला त्यांची कीवच आली.

मंडईपर्यंत गाडी शहाण्यासारखी आली. आम्ही दोघांनी आंबे घेतले, निघालो, आणि ऐन बारा वाजता, मंडईच्याच गर्दीत, दोन आचके देऊन गाडी गप्प झाली.

मागून एक स्कूटरवाले आजोबा आले. "प्रदर्शन किती वाजेपर्यंत आहे?"

"अहो, बंद पडलीय."

"ते दिसतंय. वेळ विचारली मी."

मी बॉनेट उघडलं. मला इंजिनातलं जे काही कळतं ते एवढंच, की ते पुढे असतं. दोन वायरी हलवल्या. तिसरी हातात आली. ती कुठून आली हे आठवेना. आजोबा म्हणाले, "आणखी एक काढा. जोडी होईल."

बायको खाली उतरली. वायर माझ्या हातातून घेऊन तिने जागेवर बसवली आणि आत वाकून पाहिलं.

"पंचा कुठाय?"

"कसला पंचा?"

"मामंजींचा. पंपावरचा."

मग मला आठवलं. आमचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात आम्ही सगळे महाबळेश्वरला निघालो होतो. घाटात वडिलांनी गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून म्हणाले, "सूनबाई, तांब्या." उन्हात पंप तापला की त्यातल्या पेट्रोलची वाफ होते आणि इंजिनाला पेट्रोल पोचत नाही, म्हणून त्यांनी आपला अर्धा पंचा फाडून पंपाला गुंडाळला होता. तो ओला करण्याचं काम नव्या सुनेकडे आलं. मुलगा मी; मी मागे बसून कैरी खात होतो.

"मी टाकला तो," मी म्हणालो. "घाण होता."

तिने पर्समधला नॅपकिन काढला, प्यायचं पाणी त्यावर ओतलं आणि पंपाभोवती गुंडाळला, अगदी वडील गुंडाळायचे तसा, टोक आत खोचून. मग दोन बोटांनी दाबून पाहिला. हेही त्यांचंच. पंप निवेपर्यंत आम्ही गाडीला टेकून उभे राहिलो. आजोबाही थांबले, त्यांना शेवट पाहायचा होता.

दहा-पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. आजोबा जरा नाराज होऊन निघून गेले.

लकडी पूल ओलांडेपर्यंत मी अटीबद्दल चकार शब्द काढला नाही. तिनेच फोन काढला.

"हो, आज येणार होता तुम्ही. नका येऊ. नाही, गाडी चांगली आहे. दोष चालवणाऱ्यात आहे, आणि तो तुम्ही घेणार नाही."

घरी आल्यावर मी नॅपकिन धुवायला म्हणून सोडवायला गेलो, तर ती खिडकीतून ओरडली, "हात लावू नका!"

आता गाडी काढायची म्हटलं की ती आधी तांब्या भरून घेते. तो मांडीवर धरून बसते. माझ्याकडे देत नाही.